ऐकू न आलेली टेकडी : कीट्सचे शरदगीत आणि ट्वायफर्ड डाउनचा महामार्ग

एखाद्या भूभागाच्या रक्षणासाठी कवितेला साक्षीदार म्हणून उभे करता येते काय, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. कविता ही स्वायत्त रचना आहे, तिच्यातील नदी ही भूगोलातील नदी नव्हे, असे शिकत आणि शिकवीत आलेल्या आपल्या पिढीला तर हा प्रश्नच भाबडा वाटेल. तथापि गेल्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमध्ये एका महामार्गावरून जो संघर्ष झाला, त्याचा इतिहास वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या संघर्षाचा समग्र आढावा घेण्याचा हेतू नाही. एका सुप्रसिद्ध कवितेचे एक विशिष्ट प्रकारचे वाचन त्या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर कितपत टिकते, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

विंचेस्टर या शहराच्या आग्नेयेस ट्वायफर्ड डाउन ही टेकडी आहे. ('डाउन' या शब्दाने मराठी वाचकाची दिशाभूल होऊ नये, खडूच्या खडकावरील आखूड गवताच्या टेकड्यांना इंग्रजीत हेच जुने नाव आहे.) शतकानुशतके मेंढ्या चरत राहिल्यामुळे तयार झालेले हे गवत, त्यातील रानफुले, त्यांवर जगणारी निळी फुलपाखरे, लोहयुगीन वस्तीच्या व शेतांच्या खुणा आणि जुन्या पायवाटांनी जमिनीत पाडलेल्या खोल चऱ्या या सर्वांमुळे या परिसराला निसर्गसौंदर्य, विज्ञान आणि पुरातत्त्व अशा तिन्ही अंगांनी कायदेशीर संरक्षण मिळालेले होते. लंडनहून साउदॅम्प्टनकडे जाणाऱ्या एम-३ या महामार्गाचा विंचेस्टरजवळचा तुकडा तेवढा जोडावयाचा राहिला होता. १९९२ ते १९९४ या काळात या टेकडीतून सुमारे ३० मीटर खोलीची खिंड खोदून तो जोडण्यात आला. बोगद्याचा पर्याय सुचविला गेला होता. तो खर्चाच्या कारणास्तव नाकारण्यात आला.

येथवरची हकिगत कोणत्याही देशात घडणारी आहे. साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असे स्थळ याच्या थोडे अलीकडे, टेकडी आणि शहर यांच्यामध्ये आहे. टेकडीच्या पायथ्यापासून विंचेस्टरच्या कॅथीड्रलपर्यंत इचन नदीची पाणकुरणे पसरली आहेत. १८१९च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत जॉन कीट्स विंचेस्टरमध्ये राहत होता. कॅथीड्रलच्या आवारातून, कॉलेजवरून, नदीकाठच्या कुरणांतून सेंट क्रॉसपर्यंत जाण्याचा त्याचा नित्याचा फेरफटका होता, असे त्याच्याच पत्रांवरून दिसते. १९ सप्टेंबर १८१९, रविवार. या दिवशीच्या फेरफटक्यानंतर त्याने 'टू ऑटम' ही कविता लिहिली. रेनॉल्ड्झ या मित्राला दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात कापणी झालेल्या शेतांची ऊब आपल्याला वसंतातल्या थंड हिरवेपणापेक्षा अधिक आवडली, असा आशय त्याने व्यक्त केला आहे. याच कॅथीड्रलमध्ये 'कम्प्लीट अँग्लर'चा कर्ता आयझॅक वॉल्टन आणि जेन ऑस्टेन यांच्या समाध्या आहेत. थोडक्यात, पाणकुरणांचा हा पट्टा म्हणजे इंग्रजी साहित्याची जणू वतनी जमीन.

महामार्गाचा मूळ आराखडा याच जमिनीतून जाणारा होता, हे विशेष. कुरणांच्या पूर्व कडेने, सेंट कॅथरीन्स हिल या टेकडीच्या पायथ्यालगत, जुना वळणरस्ता होताच. त्याच्या अनुरोधाने महामार्ग नेण्याची योजना १९७०च्या दशकात पुढे आली. १९७६ची सार्वजनिक चौकशी त्यावरून इतकी गाजली की विंचेस्टर कॉलेजचे मुख्याध्यापक जॉन थॉर्न यांच्यासारख्या प्रतिष्ठिताला सभागृहाबाहेर काढण्याची पाळी आली. योजना मागे घ्यावी लागली. पुढच्या दशकात नवा मार्ग आखला गेला तो कुरणे टाळून, टेकडीच्या पाठीमागून, म्हणजेच ट्वायफर्ड डाउनमधून. त्याबरोबर एक आश्वासनही आले. नवा महामार्ग झाला की जुना वळणरस्ता उखडून तेथे पुन्हा गवत लावले जाईल आणि कुरणे व सेंट कॅथरीन्स हिल पुन्हा एकमेकांना भेटतील. हे आश्वासन पाळले गेले. आज तेथे रस्ता दिसत नाही.

म्हणजे कीट्सच्या नावाने कोणी साक्ष द्यावयाची ठरवली असती तर ती नेमकी कोणत्या बाजूने झाली असती? कुरणातून चालणाऱ्या कवीच्या डोळ्यांसमोरचे दृश्य महामार्गाने बिघडवले नाही. उलट मधला अडसर काढून ते दुरुस्त केले. कवितेने पुनीत झालेली जागा वाचली आणि तिची किंमत जिच्यावर कविता नव्हती त्या जागेने भरली, असे विधान करण्याचा मोह येथे होतो. त्यात अतिशयोक्ती आहे, हे मान्य केले पाहिजे. कुरणे वाचण्यामागे कॉलेजचे वजन होते, शहरवासीयांची जवळीक होती, पाण्याच्या व्यवस्थेचे प्रश्न होते. कीट्स त्या ओझ्यातला एक लहानसा वाटा. पण प्रतिष्ठेची ही वाटणी ज्या दृष्टीने झाली, त्या दृष्टीला घडविण्यात काव्यसमीक्षेचा हात नाही, असे मात्र म्हणवत नाही.

'टू ऑटम'च्या परंपरागत वाचनात ही कविता म्हणजे पूर्णत्वाला पोचलेले निसर्गचित्र मानली जाते. तिच्यात कवीचा 'मी' नाही, प्रश्नोपप्रश्नांचा ताण नाही. पिकलेली फळे, कापणीचे शेत, मावळतीचा प्रकाश अशी चित्रे शांतपणे मांडली आहेत, असे सांगितले जाते. नवसमीक्षेने तिची घडण वाखाणली. जेरोम मॅकगॅन याने १९७९मध्ये याच शांततेवर आक्षेप घेतला. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर निःशस्त्र सभेवर घोडदळ घातले गेले होते. त्यानंतर महिन्याभरात लिहिलेल्या कवितेत इतकी निश्चिंतता असणे हीच इतिहासाकडे फिरवलेली पाठ होय, असा त्याचा रोख होता. जोनाथन बेट याने 'द साँग ऑफ दी अर्थ' (२०००) या ग्रंथात याला दिलेले उत्तर पर्यावरणवादी समीक्षेतील एक महत्त्वाचा टप्पा आहे. १८१५मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यानंतरची वर्षे युरोपात थंडीची व नापिकीची गेली. अशा उन्हाळ्यांनंतर लाभलेले स्वच्छ हवेचे दिवस, चांगले पीक आणि क्षयाच्या छायेतील कवीची फुप्फुसे यांचा संबंध बेट जोडून दाखवतो. हवामान हाही इतिहासच आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. २०१२मध्ये टर्ली, आर्चर आणि थॉमस या तीन अभ्यासकांनी आणखी एक पाऊल टाकले. पाणकुरणात गहू पिकत नाही, मग कवितेतील कापलेले शेत कोठले, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला आणि शहराच्या पूर्वेकडील सेंट जाइल्स हिलच्या उतारावरील शेतांकडे बोट दाखवले. तेथे आज वाहनतळ आहे. विडंबनकाराला सुचू नये असा हा योगायोग.

मॅकगॅन काय किंवा त्याचे प्रतिपक्षी काय, या साऱ्यांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कवितेचे तिसरे कडवे बव्हंशी आवाजांचे आहे, ही गोष्ट प्रत्येक टीकाकार सांगतो. पण ते आवाज कोठून येतात याकडे क्वचितच कोणी थांबून पाहतो. नदीकाठच्या वाळुंजांतून चिलटांचा समूहस्वर येतो, टेकडीच्या सीमेवरून वाढलेल्या कोकरांची साद येते, कुंपणातून किड्यांचा, बागेतून रॉबिनचा आणि शेवटी आकाशातून पाकोळ्यांचा आवाज येतो. नदी, टेकडी, कुंपण, बाग, आकाश. हा क्रम दृश्याचा नाही. डोळ्याला हे सर्व एका चौकटीत दिसणार नाही. कान मात्र ते एकाच वेळी सामावून घेतो. कवीने येथे प्रदेशाचा कानाने नकाशा काढला आहे आणि त्या नकाशाची सर्वांत लांबची जमिनीवरची कड आहे टेकडी. टेकडीसाठी त्याने योजलेल्या शब्दसंहतीतील 'बोर्न' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: सीमा आणि ओढा. हॅम्पशायरच्या खडूच्या प्रदेशात हिवाळ्यापुरते वाहणारे ओढे याच नावाने ओळखले जातात. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये हाच शब्द जेथून कोणी प्रवासी परतत नाही त्या मृत्यूच्या प्रांताच्या सीमेसाठी आला आहे, हे कीट्ससारख्या शेक्सपिअरभक्ताच्या मनात नसेल असे मानणे कठीण आहे. कोकरे आता 'वाढलेली' आहेत. त्यांचे पुढे काय होणार हे शेतकऱ्याला ठाऊक असते. मृत्यूची चाहूल या कवितेत दिसत नाही. ती ऐकू येते, आणि टेकडीच्या बाजूने येते.

यावर रास्त आक्षेप असा की कवितेत एकही स्थलनाम नाही. ही टेकडी म्हणजे ट्वायफर्ड डाउन कशावरून? मीही तसे म्हणत नाही. कीट्सने ऐकलेली कोकरे सेंट कॅथरीन्स हिलवरची असतील, सेंट जाइल्सवरची असतील किंवा खोलीत बसून लिहिताना स्मरणातली असतील. मुद्दा स्थाननिश्चितीचा नसून रचनेचा आहे. पाहणाऱ्याला एक चौकट पुरते आणि चौकटीबाहेरचे त्याच्या हिशेबी धरले जात नाही. ऐकणाऱ्याला मात्र चौकट आखता येत नाही, कारण टेकडीपलीकडून येणारा आवाजही त्याच्या जागेचाच भाग असतो. 'टू ऑटम' ही कविता दुसऱ्या कडव्याच्या अखेरीपर्यंत आपल्याला पाहायला लावते आणि तिसऱ्यात ती चौकट मोडते. समीक्षेने मात्र चौकट तशीच ठेवली. तिसऱ्या कडव्यालाही आपण 'नादचित्र' म्हणतो, म्हणजे शेवटी चित्रच.

महामार्गाच्या आखणीतही नेमकी हीच चौकट वावरताना दिसते. कुरणातून दिसणारे दृश्य वाचले म्हणजे कुरण वाचले, असे गृहीत धरून टेकडीच्या पाठीमागे खिंड नेण्यात आली. खिंडीतून धावणारी वाहने कुरणातून दिसत नाहीत. त्यांची घरघर मात्र सेंट कॅथरीन्स हिलवर सतत पोचते. ज्या कडेवरून कोकरांची साद येत होती, तीच कड आता अखंड आवाजाची झाली आहे. दृश्याची भरपाई झाली. श्राव्याची भरपाई कोणत्याही आराखड्यात कशी मांडणार?

कवीने स्वतः साक्षीदार होण्याचेही एक उदाहरण इंग्रजी साहित्यात आहे. केंडलपासून विंडरमिअरपर्यंतच्या आगगाडीला वर्ड्स्वर्थने १८४४मध्ये वृत्तपत्रीय पत्रांतून आणि सुनीतातून विरोध केला. १८४७मध्ये आगगाडी आलीच. पण त्याचा युक्तिवाद वाचताना आज संकोच वाटतो, कारण निसर्गदृश्याची पारख ही संस्कारित डोळ्याची गोष्ट आहे, गाडीभर येणाऱ्या कामगारांना ती एकाएकी साधणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. डोळ्यावर उभारलेला बचाव अशा रीतीने चटकन वर्गीय होतो. रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात 'लँडस्केप' या कल्पनेतच पाहणाऱ्याचे अंतर आणि श्रमाचा अभाव दडलेला आहे, असे दाखवले, ते येथे आठवावे. विंचेस्टरची पाणकुरणेदेखील 'नैसर्गिक' नाहीत. ती पाटबंधाऱ्यांच्या श्रमांतून निर्माण झालेली आहेत. तशीच टेकडीवरील गवताची चादर मेंढपाळांनी.

टेकडीच्या बाजूने जे लढले त्यांच्याकडे कीट्स नव्हता. कायदा होता, पण तोही अपुरा ठरला. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाचा युरोपीय निर्देश १९८५चा आणि त्याची अंमलबजावणी १९८८पासूनची. हा प्रकल्प त्याआधीपासून प्रक्रियेत असल्याने निर्देश लागू होत नाही, अशी ब्रिटिश सरकारची भूमिका होती. ती तेथील उच्च न्यायालयाने १९९०मध्ये उचलून धरली. युरोपीय समुदायाचे पर्यावरण आयुक्त कार्लो रिपा दि मेआना यांनी ऑक्टोबर १९९१मध्ये हस्तक्षेप केला, परंतु १९९२च्या उन्हाळ्यात आयोगाने या प्रकरणातून माघार घेतली. कागद संपल्यावर तरुण मुले-मुली टेकडीवर राहावयास आली. त्यांनी स्वतःला 'डोंगा जमात' म्हणवून घेतले. ९ डिसेंबर १९९२ रोजी पिवळी जाकिटे घातलेल्या सुरक्षारक्षकांनी त्यांना बळाने हटवले. तो दिवस 'पिवळा बुधवार' म्हणून ओळखला जातो. पुढच्या वर्षी मनाईहुकूम मोडल्याबद्दल सात जणांना तुरुंगात जावे लागले.

'डोंगा' या नावावर क्षणभर थांबणे आवश्यक आहे. टेकडीवरील जुन्या वाटांच्या खोल चऱ्यांना ते स्थानिक नाव होते. (मराठी कानाला 'डोंगर' आठवेल, तसा संबंध काही नाही.) हा शब्द दक्षिण आफ्रिकेतील एन्गुनी भाषांतला; धुपून पडलेल्या घळीला तेथे असे म्हणतात. इंग्रजांच्या साम्राज्याबरोबर तो हॅम्पशायरच्या टेकडीवर येऊन रुजला. आपण या भूमीचे आदिम रहिवासी आहोत असे सुचविण्यासाठी निवडलेले नाव अशा रीतीने वसाहतींच्या व्यवहारातून आलेले निघते. यावरून आंदोलकांची थट्टा करण्याचे कारण नाही. कवितेची प्रतिष्ठा नसलेल्या जागेला नाव मिळवण्यासाठी काय करावे लागते, हे त्यावरून दिसते. शिवाय ते नाव पायांनी पाडलेल्या वाटांचे होते. दुरून टिपलेल्या एखाद्या दृश्याला कोणी ते दिले नव्हते.

तुरुंगात गेलेल्या सात जणांत एमा मस्ट होती. १९९५मध्ये तिला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुढे ती काव्यलेखनाकडे व काव्याच्या अभ्यासाकडे वळली आणि २०२२मध्ये तिचा 'द बॅलड ऑफ यलो वेन्झडे' हा संग्रह प्रसिद्ध झाला. घटना आणि पुस्तक यांच्यामध्ये तीस वर्षे आहेत. आंदोलनाच्या कविता सहसा आंदोलनाबरोबर लिहिल्या जातात आणि त्याच्याबरोबरच संपतात. इथे टेकडी गेल्यानंतर पिढीभराने कविता आली आहे, म्हणजे तिला वाचवण्यासारखे काही उरलेले नाही. संग्रहाच्या शीर्षकातच 'बॅलड' हा प्रकार आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. ओड हा एका मनाने एका वस्तूला केलेल्या संबोधनाचा प्रकार. बॅलड म्हणजे ऐकून-ऐकवून चालत आलेले सामुदायिक कथन. ज्या जागेची लढाई डोळ्याच्या न्यायासनापुढे हरली, तिने शेवटी कानाचा काव्यप्रकार निवडावा, यात निव्वळ योगायोग नसावा. अर्थात प्रकाराच्या निवडीवरून कवितेचे मोल ठरत नाही. तिला त्यासाठी स्वतंत्र, ओळीओळीने जाणारे वाचन हवे.

आपल्या समीक्षेपुरते बोलावयाचे तर निसर्गकवितेसाठी आपण घडविलेली परिभाषा जवळजवळ संपूर्णपणे डोळ्याची आहे. निसर्गचित्र, शब्दचित्र, चित्रमयता, रंगसंवेदना. बालकवींची 'औदुंबर' ही या परिभाषेची जणू कसोटीची कविता. झरा, टेकडी, गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि झाड असा त्या आठ ओळींचा प्रवास. त्यातील रंगांच्या छटांवर आणि प्रतीकार्थांवर मराठीत किती लिहिले गेले ते सांगावयास नको. पण झरा वाहत असूनही या कवितेत एकही आवाज नाही, हे माझ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने वर्गात विचारीपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते. ती निःशब्दता हा कवितेचा दोष नव्हे; कदाचित तिच्या उदासीचे मर्म तेथेच असेल. मात्र या मुक्या चित्रावर घडवलेली परिभाषा घेऊन आपण कीट्सकडे जातो, तेव्हा त्याचे तिसरे कडवेही आपल्याला मुकेच भेटते. पायवाटेचेही तसेच. 'औदुंबर'मधील पांढरी वाट हिरव्या पटावरची एक रेघ म्हणून आपण वाखाणली. ती चार घरांच्या गावातील माणसांच्या पायांनी पडलेली आहे आणि डोहाकडे कशासाठी जाते, हे विचारण्याची गरज आपल्याला भासली नाही.

विंचेस्टरमध्ये कीट्सच्या फेरफटक्याचा मार्ग पर्यटकांसाठी आखून दिलेला आहे. कॅथीड्रलपासून निघणारा हा मार्ग नदीच्या काठाने सेंट क्रॉसला संपतो. इचनच्या पलीकडे सेंट कॅथरीन्स हिल, तिच्या पायथ्याशी जेथे जुना वळणरस्ता होता तेथे आता गवत, आणि त्या टेकडीच्या पाठीमागे एम-३.